इंग्रजी कुणाशी बोलायचं?

आमच्या सरांना इंग्रजी येतं, याबद्दल जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत कुणालाही शंका नव्हती. शंका घ्यायची तर स्वतःला थोडंफार इंग्रजी यावं लागतं, आणि ती अडचण आमच्याकडं कुणालाच नव्हती. त्यामुळं सरांचं बरं चाललं होतं.

हायस्कुलात ते आम्हाला पाचवीपासून इंग्रजी शिकवायचे. तास सुरू झाला की फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूनं एक चौकट आखायची आणि तिच्यात त्या दिवसाची जोडी लिहायची. जोडी म्हणजे ऐकायला सारखे, पण लिहायला आणि अर्थाला वेगळे असे दोन इंग्रजी शब्द. मीट आणि मीट. एक भेटणं, दुसरं मटण. मग सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, “मीट म्हणजे भेटणं, मीट म्हणजे मटण!” शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई कविता शिकवत असायच्या. त्या उठून दार लावून घ्यायच्या.

आता हे मी मराठीत लिहिते आहे, त्यामुळं तुम्हाला या दोन शब्दांतला फरक दिसणारच नाही. आपली लिपी भोळी आहे. जे तोंडातून निघालं ते ती कागदावर मांडते आणि मोकळी होते. इंग्रज मात्र देश सोडून जाताना आगबोटीत सगळं सामान भरून घेऊन गेले आणि स्पेलिंगं तेवढी इथंच विसरले. ती सांभाळायचं काम आमच्या पिंपळवंडीच्या पोरापोरींच्या गळ्यात पडलं, आणि आम्हीही ते इमानेइतबारे केलं.

पाठांतरासाठी सरांच्या स्वतःच्या युक्त्या होत्या. मुख्याध्यापक म्हणजे प्रिन्सिपल आणि तत्त्व म्हणजेही प्रिन्सिपल. पहिल्याच्या शेवटी पी-ए-एल. सर म्हणायचे, “पी-ए-एल म्हणजे पाल. मुख्याध्यापकांच्या खोलीत पाल असते, हे ध्यानात ठेवा. तत्त्वाला पाल नसते.” मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळामागं खरोखरच एक पाल राहायची, त्यामुळं हे स्पेलिंग आमच्या वर्गात आजवर कुणाचं चुकलेलं नाही. तत्त्वांचं काय झालं ते सांगता येत नाही. एका जागी उभं राहिलेलं ते स्टेशनरी आणि वह्या-पेनं तीही स्टेशनरी. पहिल्याच्या शेवटी ए-आर-वाय, म्हणजे सरांच्या मते ‘अरे’. “आळेफाट्यावर एस्टी बंद पडली की आपण काय म्हणतो? अरे, हलत का नाही! जिथं अरे, तिथं हलत नाही.” आणि लूज. लूज म्हणजे ढिलं आणि लूज म्हणजे गमावणं. खरं तर उच्चारात बारीक फरक आहे, पण आमच्या तोंडात दोन्ही एकच. ढिल्याला ओ दोन, गमावण्याला एक. “लेंग्याला नाडीची भोकं किती? दोन. म्हणजे दोन ओ. नाडी ढिली झाली, एका भोकातून निसटली, उरला एक ओ. मग काय झालं? लेंगा गमावला!” मुलींच्या रांगेकडं बघत हे सांगताना सरांना जराही संकोच वाटत नसे. व्याकरणाला लाज नसते असं त्यांचं मत असावं.

अशा शेकड्यानं जोड्या आम्हाला पाठ होत्या. वाळवंट आणि जेवणानंतरचा गोड पदार्थ यांच्या स्पेलिंगात एक एस कमीजास्त आहे, हे आम्ही झोपेत सांगितलं असतं. मात्र ‘मला तहान लागली आहे’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. उद्या वाळवंटात सापडलो असतो, तर त्याचं स्पेलिंग वाळूवर बरोबर लिहून तिथंच मेलो असतो.

बाहेर सरांच्या विद्येची कदर वेगळ्या प्रकारे व्हायची. नारायणगावच्या पेठेत एका मारवाडी शेटजींचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. घराणं राजस्थानातलं, पण शेटजी बोलायचे आमच्यासारखंच. त्यांनी नवीन पाटी रंगवून घेतली आणि पेंटरनं तिच्यावर नेमकी हलत नाही ती स्टेशनरी काढून ठेवली. सर रस्ता ओलांडून दुकानात गेले आणि वर्गात शिकवावं तसं शेटजींना चूक समजावून सांगितली. शेटजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, दुकान कुठं हलतंय? माझ्या आज्यापासनं हितंच उभं हाये. पेंटरनं बराबर लिवलंय.” ती पाटी पुढं कित्येक वर्षं तशीच होती. तिच्याखालून जाताना सर मान खाली घालायचे.

आता मुद्द्याकडं येते. आमच्याकडं मुलगी बघायला येताना पाहुणे आपापले जाणकार बरोबर घेऊन यायचे. कुणी पत्रिका कळणारा, कुणी घरदार-शेती नजरेनं मोजणारा, कुणी नुसताच वयानं मोठा आणि खोकणारा. नव्वद सालाच्या सुमारास यात एकाची भर पडली, तो म्हणजे इंग्रजीवाला पावणा. झालं असं, की आमच्या भागातली पोरं भोसरी-चिंचवडकडं कंपन्यांत लागली. कंपनीचे कपडे मिळाले, कँटीनचं जेवण मिळालं, आणि त्याच ओघात बायकोही इंग्रजी येणारी पाहिजे असं त्यांच्या आईबापांना वाटायला लागलं. पूर्वी मुलीला भाकरी थापून दाखवायला लावत, विणलेला रुमाल मागत. आता रुमालाच्या जागी इंग्रजी आलं. ते तपासायचं तर तपासणारा हवा, आणि दोन तालुक्यांत तपासणारा एकच होता.

त्यामुळं लग्नसराईच्या आधीच्या दिवसांत दर रविवारी कुणाची तरी जीप सरांच्या दारात उभी असायची. सर पांढरा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसायचे. पोह्यांची पहिली बशी मुलाच्या मामाला, दुसरी सरांना, असा मान ठरून गेला होता. कुठल्या गावात पोह्यांवर खोबरं घालतात आणि कुठल्या गावात नुसतीच कोथिंबीर दाखवतात, हे सरांइतकं कुणालाही ठाऊक नसेल. पोहे झाले की मुलगी पाटावर येऊन बसायची, नाव-गाव-शिक्षण व्हायचं, मग मामा सरांकडं बघायचे. सर घसा साफ करून एक जोडी विचारायचे. मुलगी अडखळली, तर सर सहज केल्यासारखं दोन बोटांनी कान खाजवायचे. अक्षर दोनदा आहे, असा त्याचा अर्थ. त्या कानाच्या जोरावर आमच्या भागातल्या कितीतरी लेकी नांदायला गेल्या. सरांना कुणाला नापास करणं जमतच नसे. त्यांच्यातली हीच गोष्ट मला फार आवडायची आणि रागही याच गोष्टीचा यायचा, कारण इथं पास झालेल्या मुलीचं पुढं काय होतं ते विचारायला कुठली जीप परत जात नव्हती.

माझं बी.ए. झालं होतं. तेही इंग्रजी घेऊन. कॉलेजात इंग्रजी मराठीतून शिकवायचे, म्हणून मला ते समजलं. मला बी.एड. करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. त्याइतकं दुसरं काही मला त्या वयात हवं नव्हतं, साड्या नाहीत की दागिने नाहीत. वडिलांना, म्हणजे आण्णांना, मी हे सांगितलं तेव्हा ते टोमॅटोची बांधणी करत होते. तोंडात सुतळीचं टोक, हातात झाडाची फांदी. सुतळी तोंडातून काढून ते म्हणाले, “अवसरी बुद्रुकचं स्थळ आलंय. पोरगा कंपनीत हाये. त्यांना विंग्रजीवाली पायजे. पसंत पडलीस तर लगीन. न्हाई पडलीस तर कर तुझं बी.एड.”

“नक्की?”

“आण्णा एकदा बोलला की बोलला,” असं म्हणून त्यांनी सुतळी परत तोंडात धरली. आमच्या घरात न्यायनिवाडा असाच व्हायचा, कामाचा खोळंबा न करता.

मी खूश होऊन घरी आले. नापास व्हायचं, एवढंच तर काम होतं. सरांनी जोडी विचारली की गप्प बसायचं, त्यांनी कान खाजवला तरी त्या कानाकडं बघायचं नाही. संध्याकाळी भाकरी करताना मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली पोरगी चार पाहुण्यांपुढं इंग्रजीत नापास झाली, तर आण्णा तिला इंग्रजी शिकवायच्या मास्तरकीला पाठवतील का? ते म्हणतील, इतकी वर्षं काय शिकलीस, आता बी.एड. करून पोरांना काय शिकवणार, दगड? म्हणजे बरोबर उत्तर दिलं तर अवसरीला रवानगी, चुकीचं दिलं तर घरात. बी.एड.कडं जाणारी वाट दोन्ही बाजूंनी बंद होती आणि आण्णांना ते कळलंही नव्हतं. त्यांनी आपल्या परीनं मोठ्या मनानं न्याय केला होता. तव्यावरची भाकरी करपली आणि आईनं विचारलं, लक्ष कुठाय. मी म्हटलं, अवसरीला.

रविवारी जीप आली. आईनं भिंतीतल्या काचेच्या कपाटातून फुलाफुलांच्या कपबशा बाहेर काढल्या. त्या आमच्याकडं पाहुण्यांना दाखवायला होत्या, चहा प्यायला नाही. इतक्या दिवसांची धूळ बसली होती की मला त्या दोनदा विसळाव्या लागल्या. जीपमधून मुलगा उतरला, मुलाचे आईवडील उतरले, मामा उतरले, एक खोकणारे आजोबा उतरले, आणि पुढच्या सीटवरून पांढऱ्या शर्टात आमचे सर उतरले.

आण्णा हसले. सर ओशाळले. म्हणाले, “आण्णा, मला सकाळपत्तूर म्हाईत नव्हतं कुठं जायाचंय ते. जीप आली, मी बसलो.”

मुलाच्या आईचे डोळे बारीक झाले. “म्हंजी पोरीला तुमीच शिकिवलंय?”

“पाचवीपासनं,” सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जो अभिमान होता तो त्यांना लपवता आला नाही.

“मंग अवघड इचारा. घरचं म्हनून सोपं नगा इचारू,” असं म्हणून ती बाई सतरंजीवर सरकून बरोबर सरांच्या आणि माझ्या मधे बसली. बहुधा त्या कानाची ख्याती मंचरच्या पलीकडंही पोचली असावी.

मी पाटावर बसले. डोक्यावरचा पदर सारखा घसरत होता. सरांनी सुरुवात केली आणि एकच जोडी विचारून थांबले नाहीत, कारण त्या बाई थांबू देईनात. “अजून,” त्या म्हणायच्या, जशी पेठेत भाजी निवडताना म्हणत असतील. सरांनी प्रिन्सिपल विचारलं, स्टेशनरी विचारलं, हवामान आणि ‘की नाही’ यांचं वेदर विचारलं. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. खरंच बसणार होते. पण पहिल्याच जोडीला मी जरा थांबले तशी त्या बाईच्या खांद्यावरून मला सरांचा चेहरा दिसला. त्यांचा हात कानाकडं जायला लागला होता आणि वाटेतच अडकला होता. परीक्षा माझी होती, पण घाम त्यांना फुटला होता. वर्गात ज्या माणसाची नाडीची भोकं सांगताना पापणीही लवली नाही, तो माणूस माझ्या उत्तरासाठी कावराबावरा झाला होता. मला ते बघवेना. मी एकामागून एक सगळी उत्तरं देऊन टाकली. पालीसकट.

“झ्याक!” मामा म्हणाले. आजोबा खोकले. मुलानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि लगेच खाली घातली. त्याच्या आईच्या चेहऱ्यावर सौदा पटल्याचं समाधान होतं. आण्णा खुशीत मिशीवरून हात फिरवत होते. माझ्या बी.एड.ची तिथल्या तिथं उत्तरक्रिया चालली होती आणि सगळे तेराव्याला जेवावं तसे उरलेले पोहे संपवत होते.

या कार्यक्रमाचा शेवट नेहमी ठरलेला असायचा. सगळं विचारून झालं की मुलाकडचं मोठं माणूस म्हणायचं, “मुलीला काय इचारायचं आसंल तर इचारू द्या.” त्यावर मुलीनं मान खाली घालून नकारार्थी हलवायची. मुलगी विसरलीच, तर स्वयंपाकघराच्या दारातून तिची आई तिच्या वतीनं सांगायची. मग ओटी भरायची आणि पाहुण्यांनी ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणत उठायचं. हा प्रश्न कुणी उत्तरासाठी विचारत नसत. पंगतीत पोट भरलेल्या माणसाला आणखी एक जिलेबी घ्या म्हणावं, त्यातलाच हा प्रकार.

मामा म्हणाले, “मुलीला काय इचारायचं आसंल तर—”

“न्हाई वो, ती काय इचारनार,” दारातून आई म्हणाली.

“आहे,” मी म्हणाले.

आजोबांचा खोकला थांबला. आण्णांचा हात मिशीवरच राहिला. सगळ्यांना वाटलं असणार, की आता ही उलट जोडी विचारणार. मुलगा तर इतका घाबरला की मला त्याची दया आली. मी त्याच्याकडं न बघता त्याच्या आईला विचारलं, “तुम्ही मला एवढं इंग्रजी विचारलंत. तुमच्या घरात मी ते बोलायचं कुणाशी?”

मुलानं वडिलांकडं बघितलं, वडिलांनी मामांकडं, मामांनी सवयीनं सरांकडं. सर बशीतल्या शेवटच्या शेंगदाण्याकडं बघत होते.

“दोन म्हशी हायेत आमच्या,” शेवटी मामा म्हणाले, “त्यांच्यासंगं बोल!” आणि स्वतःच मोठ्यांदा हसले. मग सगळेच हसले. मीही हसले असते, पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मुलाची आई मात्र हसली नाही. एखाद्या अडाणी पोरीला समजवावं तशी ती मला म्हणाली, “बोलायचं कशाला, बाई? नुसतं आलं पायजे.”

माझ्यासमोर त्या फुलाफुलांच्या कपबशा मांडलेल्या होत्या. त्याही नुसत्या असायलाच होत्या. मी म्हटलं, “बोलायचंच नसेल, तर येतंय की नाही ते कशाला बघता?”

आईनं दारातून कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मुलाची आई उठली. ओटी भरायचा खण ताटातच राहिला. मामा जाताजाता म्हणाले, “घरी जाऊन कळवतो,” पण ते अशा आवाजात, की कळवायचं काही शिल्लक नव्हतं. जीप सुरू होईना, तेव्हा मुलालाच उतरून ती ढकलावी लागली. सर पुढच्या सीटवर ताठ बसून होते. मला वाटलं, माझं वागणं त्यांना आवडलं नाही.

पुढचे काही दिवस आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. आई दोघांच्या वाट्याचं बोलली. “पोरी जलमभर त्वांड मिटून बसत्यात आन तू यकदाच उघडलंस ते नेमकं तितं!” असं ती भांड्यांना सांगायची आणि भांडी आपटायची. गावात बातमी फिरली होतीच. किराणा आणायला गेले तर दुकानात कुणीतरी दुसऱ्याला म्हणायचं, “राव, म्हशीसंगं विंग्रजी बोलनारी आली बघ.” मी मीठ घेऊन परत यायचे. नाकारलं गेल्याचं मला दुःख नव्हतं. मला धास्ती होती ती आण्णांच्या गप्प राहण्याची.

एका संध्याकाळी मोपेडचा आवाज आला. सर अवसरीचा निरोप घेऊन आले होते. जो माणूस मुलगी तपासायला जायचा, त्यालाच नकार पोचवायचंही काम करावं लागायचं. पोह्यांची ती किंमत होती.

“पोरगी लई हुशार हाये, पण...” सर म्हणाले आणि थांबले.

“पण म्हंजी?” आण्णांनी विचारलं.

“पण म्हंजी न्हाई.”

मी दाराआडून पुढं आले. म्हणाले, “आण्णा, मी पसंत पडले नाही. आता बी.एड.”

आण्णा एकदम उसळले. “गप! नापसंत पडायची बी यक रीत आसती! विंग्रजी आलं न्हाई म्हनून नापसंत पडतीस तर गोष्ट येगळी. तू तर त्यांच्या तोंडावर...” त्यांनी हात झटकला. “ह्ये मी धरत न्हाई. दुसरं स्थळ बघू.”

म्हणजे आण्णा एकदा बोलले की बोलले, हे फक्त टोमॅटोच्या वाफ्यापुरतं होतं. मी रडायला लागले. मला रडायचं नव्हतं, विशेषतः सरांसमोर नाही, पण मला आवरेना.

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ते मोठ्या माणसासारखं काहीतरी बोलतील, पोरीच्या जातीनं असं करू नये वगैरे. पण आण्णांकडं न बघता, अंगणातल्या मोपेडकडं बघत ते म्हणाले, “आण्णा, पोरीनं त्यांना इचारलं, पन लागलं मला. मी जीपमधी बसून घरापत्तूर त्योच इचार करत व्हतो. विंग्रजी बोलायचं कुनाशी? आवो, मी उभा जलम विंग्रजी शिकवतोय. आजवर मी विंग्रजीत कुनाशी यक वाक्य बोललेलो न्हाई. कुनी बोलायला व्हतंच कुठं? नुसत्या जोड्या लिवल्या फळ्यावर.”

आण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. सरांना इंग्रजी येत नाही अशी शंका दोन तालुक्यांत कुणी घेतली नव्हती. आणि आता सर स्वतःच हे सांगत होते.

“हिला शिकवा,” सर म्हणाले. “दोघं तरी व्हऊ.”

आण्णा उठले. गोठ्यात गेले, बैलांपुढं वैरण टाकली, हात धुतले आणि येऊन म्हणाले, “त्या बी.एड.चा फारम कुठं मिळतो?” माझं रडणं थांबायच्या ऐवजी आणखी वाढलं. मग आईनंही पदर डोळ्यांना लावला, आणि सरांना आणखी एक कप चहा मिळाला, या खेपेला रोजच्या स्टीलच्या पेल्यात.

बी.एड. झालं. आंबेगाव तालुक्यात एका शाळेत नोकरीही लागली. लग्नही झालं, ज्यानं मुलगी बघताना फक्त ‘चहात साखर कमी आहे का’ एवढंच विचारलं त्याच्याशी. मी खरं काय ते सांगितलं. कमी होती. पुढं सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि आमच्या शाळेच्या आवारात बाराखडीच्या आधी एबीसीडी ऐकू यायला लागली. पालक मला विचारायचे, “म्याडम, पोरगं विंग्रजी बोलंल ना?” मी विचारायचे, “कुणाशी?” बहुतेकांना वाटायचं बाई खवचट आहे. तसं ते बरोबरच होतं.

सर निवृत्त होऊन आमच्याच शिवाराजवळ मळ्यात राहायला गेले होते. मी माहेरी आले की आण्णांबरोबर त्यांच्याकडं जायचे. सरांनी ‘दोघं तरी व्हऊ’ म्हटलं होतं खरं, पण दोघं झाल्यावरही आम्ही इंग्रजीत कधी बोललो नाही. लाज वाटायची. दोन इंग्रजीचे शिक्षक समोरासमोर बसून कांद्याच्या भावाबद्दल मराठीत बोलायचे आणि ते बोलणं लई झकास व्हायचं.

त्या वर्षांत आमच्या भागात उसाच्या फडांत बिबटे वाढले होते. कुणाची शेळी जायची, कुणाचं वासरू. एका रविवारी मी पोचले तर सरांच्या दारात नेहमी बांधलेला त्यांचा म्हातारा कुत्रा दिसला नाही. पितळी साखळी खुंटीला नुसती लोंबत होती. रात्री तो साखळीतून सुटून उसाकडं गेला आणि बिबट्यानं नेला, हे वाटेतच आण्णांनी मला सांगितलं होतं. सरांनीही सकाळपासून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं होतं, अगदी कोरड्या आवाजात, दूध नासलं म्हणून सांगावं तसं.

आम्ही ओट्यावर बसलो. सरांनी थोडा वेळ माझ्याकडं बघितलं. मग घसा साफ केला, मुलगी बघायला गेल्यावर करायचे तसाच, आणि हळूहळू, प्रत्येक शब्द तपासून बघत म्हणाले, “द चेन वॉज लूज. सो... वी लॉस्ट हिम.”

साखळी ढिली होती, म्हणून आम्ही त्याला गमावलं. मी इतकी वर्षं ही जोडी म्हणत आले, शिकवत आले. हे दोन शब्द एकाच वाक्यात, आपापल्या जागी, एका माणसानं दुसऱ्याला काहीतरी सांगायला वापरलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला लेंग्याची नाडी आठवली आणि हसू आलं नाही.

“आय ॲम सॉरी, सर,” मी म्हणाले. “ही वॉज अ गुड डॉग.”

“व्हेरी गुड,” सर म्हणाले. “व्हेरी गुड डॉग.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. सकाळपासून मराठीत सांगताना ते आलं नव्हतं. आम्ही अजून थोडं बोललो, चुकत, थांबत. पिल्लू असताना तो कुठून आणला, सर शाळेत निघाले की फाट्यापर्यंत कसा मागं यायचा. सरांची बायको दारात येऊन ऐकत उभी राहिली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती हसली नाही.

परत येताना बांधावरून चालताना आण्णांनी विचारलं, “काय म्हनलं सर?”

“बिबट्यानं त्यांचा कुत्रा नेला म्हणाले.”

आण्णा थांबले. “ते तर मीच तुला सांगितलं की! आख्ख्या गावाला म्हाईत हाये. सकाळपासनं सांगतायत.”

“हो,” मी म्हणाले, “पण इंग्रजीत सांगायला त्यांना कुणी नव्हतं.”

आण्णा परत चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर त्यांनी मागं वळून सरांच्या ओट्याकडं बघितलं आणि म्हणाले, “येत्या रविवारी बी ये.”